आठ दिवसांच्या मिशन ट्रिपनं पोरगं बदलतं, म्हणजे नेमकं काय होतं?

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये एक ठरलेला प्रसंग होतो. आदल्याच दिवशी गडचिरोलीहून परतलेली तरुण संघाची पोरं उपासनेनंतर एकेक करून पुढं येतात आणि साक्ष देतात. नाकाचे शेंडे सोललेले, हातापायावर डास चावल्याचे चट्टे, गाणी म्हणून म्हणून आवाज बसलेला. त्यातला एखादा हमखास रडतो. "माझं जीवन बदललं," म्हणतो. मागच्या बाकावर त्याची आई पदर डोळ्याला लावते, पाळकसाहेब मान डोलावतात. ऑगस्टमध्ये तोच पोरगा मला फुटाळ्यावर भेटतो, हातात भाजलेलं कणीस. मी त्याला त्या गावाचं नाव विचारते, आणि त्याला ते पटकन आठवत नाही.

वीसेक वर्षं मी या ट्रिपा नेते आहे. त्यामुळे एप्रिल उजाडला की पालकांचे फोन सुरू होतात. "आंटी, पाठवू का? खरंच काही फरक पडतो का?" हो म्हटलं तर मी फुटाळ्यावरच्या पोराशी बेइमानी करते, नाही म्हटलं तर ज्यांचं खरंच काही झालं त्यांच्याशी. म्हणून एकदाचं सगळं नीट सांगते.

आधी शब्दाचा घोळ. नागपुरात "मिशन" म्हटलं की कुणाला सीताबर्डीचं म्यूर मेमोरियल हॉस्पिटल आठवतं, कुणाला धंतोलीतला रामकृष्ण मठ, आणि कुणाच्या भुवया लगेच वर जातात: तिकडं जाऊन धर्म बदलवता का? आम्ही पत्रकं वाटत नाही. श्रमदान करतो, सकाळ-संध्याकाळ आमची आमची प्रार्थना करतो, आणि विचारलं तर आम्ही कोण ते सांगतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फक्त "पाठवणं" एवढाच आहे. पाठवणं म्हटलं की पाठवणारा आला, आणि परत आल्यावर दार उघडणाराही आला. हा दुसरा माणूस सगळे विसरतात.

थोड्या दिवसांसाठी जाण्याची ही पद्धत तशी अलीकडची. जुने मिशनरी जायचे ते जन्मभरासाठी. आपल्या नागपूरचंच घ्या. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथं आले, मध्ये काही काळ मायदेशी गेले ते सोडलं तर इथलेच झाले. गोंडी गाणी उतरवून घेतली, दगड आणि जीवाश्म गोळा केले. एका हिरवट खनिजाला त्यांच्यावरून हिस्लोपाइट नाव पडलं. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरी नदीच्या पुरात ते बुडाले. ज्या कॉलेजला त्यांचं नाव आहे ते त्यांच्यानंतर वीस वर्षांनी, 1883 मध्ये सुरू झालं. अशा माणसासमोर "आम्ही आठ दिवस मिशनला जाऊन आलो" असं म्हणायला जीभ अडखळायला हवी.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवास स्वस्त झाला, कॉलेजांना लांब सुट्ट्या लागल्या, आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीपुरतं जायला सुरुवात केली. 1957 च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजातला पोरगा दोन मित्रांसोबत जुन्या ट्रकमध्ये स्पॅनिश पुस्तिका भरून मेक्सिकोला गेला. त्यातून पुढं एक जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. 1960 मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनीही तरुणांसाठी असंच काम सुरू केलं. आज अमेरिकन चर्चमधून दरवर्षी लाखो माणसं अशी जातात. आपल्याकडे चर्चबाहेरही याची भावंडं आहेत. राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास सेवा आणि एक सात दिवसांचं शिबिर. बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी तर विदर्भातल्या कितीतरी घरांत आई-बापानंही केलेली असते. नावं वेगळी असली तरी पोराच्या मनात जे होतं ते बरंचसं सारखंच होतं.

काय होतं ते एका पोरावरूनच सांगते.

धानोरा तालुक्यातलं एक गाव. आम्ही मे महिन्यात जातो, कारण तेव्हा परीक्षा संपलेल्या असतात. पहिल्या वर्षी पोचलो तर गाव रिकामं. कारण मे म्हणजे तेंदूपत्त्याचा, बिडीच्या पानांचा हंगाम. पहाटे चारला माणसं जंगलात जातात, उन्हं चढायच्या आत पानं तोडून आणतात, मग दुपारभर सगळं घर पुडे बांधायला बसतं आणि संध्याकाळी पुडे फळीवर जातात. फळी म्हणजे गावातलं पत्ता मोजून घ्यायचं ठिकाण. पावसाळ्याआधी हातात येणारा मोठा पैसा हाच. आणि आम्ही नेमके तेव्हा, त्यांना शाळेच्या भिंती रंगवून द्यायला हजर! (ती भिंत डिसेंबरात दुसऱ्या एका गटानं रंगवलेली होती. आम्ही तिच्यावर पुन्हा रंग दिला. शिक्षकांनी सौजन्यानं काही म्हटलं नाही. अजून लाज वाटते.)

दुपारी काही काम नव्हतं म्हणून आमचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा एका आजीच्या ओसरीवर जाऊन बसला. पुडा म्हणजे 70 पानं. सारख्या आकाराची, देठ एका बाजूला, सालीच्या दोरीनं आवळलेली. आजी मोजत नव्हती, बोटंच मोजत होती. तिचे दहा पुडे झाले तेव्हा याचा पहिला झाला. तिनं हातात घेतला, नुसता तोलला आणि त्याच्या मांडीवर परत टाकला. यानं मोजली तर 66. दुसरा पुडा 73. तिसऱ्यात फाटकी पानं होती, तीही तिनं काढून बाजूला ठेवली. आजी गोंडी बोलत होती, याला कळत नव्हतं. शेजारची आठ-नऊ वर्षांची नात मधून मधून सांगत होती, "दादा, थे म्हणते तुमाले मोजता येत नाई." हा गणितात पैकीच्या पैकी घेणारा. संध्याकाळी त्याची बोटं काळी झाली होती आणि चेहरा बघण्यासारखा होता. रात्री जेवताना म्हणाला, "आंटी, काय यार, मी तिचं नुकसान करून आलो."

पहिली गोष्ट घडते ती ही. आपल्या शहरातल्या शिकलेल्या पोराची एक जागा ठरलेली असते. त्याला जे येतं तेच मोलाचं, असं घर, शाळा, कोचिंग क्लास सगळे मिळून त्याला सांगत असतात. एका ओसरीवर दोन तासांत ती जागा उलटी होते. ज्यांना तो मदत करायला आला होता ती माणसं त्याच्यापेक्षा हुशार निघतात आणि तो त्यांच्या कामात अडथळा ठरतो. भाषण ऐकून हे होत नाही, पुस्तक वाचूनही नाही. त्यासाठी हातात पानं घ्यावी लागतात. येशूनं 70 शिष्यांना जोडीजोडीनं गावोगाव पाठवलं तेव्हा थैली, झोळी, वहाणा काही घेऊ नका आणि लोक पुढं वाढतील ते खा, असं बजावलं होतं. मी लहानपणी हे साधेपणाचं शिक्षण समजत होते. आता वाटतं, जाणाऱ्याकडे काहीच नसलं की त्याला यजमानापुढं हात पसरावाच लागतो, आणि बहुधा तेच हवं असावं. आम्ही मात्र जाताना रंगाचे डबे, औषधं, बिस्किटांची खोकी आणि स्पीकर घेऊन जातो.

दुसरी गोष्ट लहान आहे पण पोरांना फार लागते: मोबाइलला रेंज नसते. पाच-सहा दिवस स्वतःचा फोटो कुणाला दिसत नाही. पहिले दोन दिवस चिडचिड होते, मग पोरं एकमेकांशी बोलायला लागतात. याहून जास्त यात काही शोधू नये.

आता खरा प्रश्न. यातून आयुष्य बदलतं का?

इथं एक फसगत समजून घ्यायला हवी. समजा तुम्ही कळमन्याच्या बाजारात गेलात. ढिगातून निवडून निवडून गोड संत्री एका टोपलीत भरलीत, आणि घरी येऊन म्हणालात, "बघा, या टोपलीत ठेवली की संत्री गोड होतात." कुणी मानेल का? ट्रिपांचं तसंच आहे. मे महिन्याच्या उन्हात, पंख्याशिवाय, स्वतःचे पैसे भरून गडचिरोलीला जायला जे पोरगं तयार होतं ते आधीच इतरांपेक्षा थोडं वेगळं असतं. पुढं ते शिक्षक झालं, समाजकार्यात गेलं, तर आम्ही म्हणतो ट्रिपनं घडवलं. किती टोपलीनं केलं आणि किती झाडानंच दिलेलं होतं, हे वेगळं काढणं फार कठीण. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. आम्हीही सांगत नव्हतो.

यावर कर्ट व्हर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञानं केलेलं काम मला महत्त्वाचं वाटतं. 1998 मध्ये मिच वादळानं मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये हाहाकार केला. उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून गट आले, घरं बांधली, परत गेले. काही घरं तिथल्याच एका संस्थेनं स्थानिक माणसांच्या हातून बांधली. व्हर बीक तिथंच राहणारे. त्यांनी दोन्हीकडच्या लोकांना विचारलं. घर मिळालेल्यांच्या आयुष्यात, घर कुणी बांधलं यामुळे फारसा फरक पडलेला दिसला नाही. खर्चात मात्र पडला होता: विमानभाडं धरून पाहुण्या गटाला एक घर सुमारे 30,000 डॉलरला पडत होतं, तर स्थानिक संस्थेला सुमारे 2,000 डॉलरला. आणि जाऊन आलेल्यांचं काय? आम्ही जास्त देऊ लागलो, जास्त प्रार्थना करू लागलो, असं पुष्कळांनी सांगितलं. देणग्यांच्या नोंदी काढून पाहिल्या तर वाढ जेमतेम. ती पोरं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. आमच्या मे महिन्यातल्या साक्षीसारखंच, बोलताना ते खरंच होतं.

आमचाही हिशेब मी एकदा मांडला. बसचं भाडं, किराणा, रंग, औषधं मिळून जे झालं त्यात त्या गावच्या गवंड्याची दोन महिन्यांची मजुरी निघाली असती. तेव्हा गावासाठी जातो हे म्हणणं आम्ही सोडून दिलं. आम्ही आमच्या पोरांसाठी जातो आणि गाव आम्हाला सहन करतं. एवढं कबूल केलं की वागणं आपोआप सुधारतं. शिकायला आलेल्यानं जागेची वेळ बघून यायचं असतं, विचारून यायचं असतं. याच तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांची. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला. त्यामागं वर्षानुवर्षं चाललेले अभ्यासगट होते, ज्यात बाहेरचे लोकही बसायचे पण निर्णय ग्रामसभाच घ्यायची, तोही सर्वांच्या संमतीनं. अशा माणसांना आम्ही रविवारच्या शाळेतल्या मुलांसारखी कृतिगीतं शिकवायचो, हाताच्या खुणांसकट. आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

तर मग काही पोरांमध्ये जे टिकतं, ते कशानं टिकतं? माझं उत्तर असं: गावात काही टिकत नाही. टिकतं ते परतल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत.

परतल्यावरचा पहिला आठवडा बहुतेक घरांत भांडणाचा असतो. आया फोन करून तक्रार करतात. "तुम्ही काय शिकवलं हो? ताटात भात टाकला म्हणून लहान भावाला मारलं." "कूलर लावू देत नाही." हे चांगलं लक्षण आहे. जुनी जागा उलटी झालेली आहे, नवी अजून ठरलेली नाही, त्या मधल्या फटीतून ते पोरगं सगळ्यांवर ओरडतंय. ही फट फार दिवस उघडी राहत नाही. जुलैत कॉलेज सुरू झालं की बुजते. व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या आठवड्यात पाचशे मेसेज पडतात, पोळ्यापर्यंत फक्त वाढदिवसाचे केक उरतात.

या फटीत काय होतं तर आठवणीची गोष्ट बनते. माणूस आठवण जशीच्या तशी जपत नाही. चार जणांना सांगतो, आणि जशी सांगतो तशीच ती पुढं राहते. ऐकणारा म्हणाला, "वा, किती मोठं काम केलंस!" तर गोष्ट बनते "मी गरिबांना मदत केली." ती ऐकायला गोड, पण तिच्यापुढं काही नसतं, काम झालेलं असतं. ऐकणाऱ्यानं विचारलं, "आजीनं पुडा परत का टाकला? त्या पत्त्याचा भाव कोण ठरवतो? तुला ती भाषा का येत नाही, दोनशेएक किलोमीटरवर तर आहे," तर गोष्ट अर्धी राहते. अर्धी राहिलेली गोष्ट माणसाला पुन्हा तिकडं ओढते. बायबलमधल्या प्रेषितांच्या पुस्तकात पौल आणि बर्णबा पहिल्या फेरीवरून अंत्युखियाला परत येतात तेव्हा मंडळी जमवून सगळं सांगतात आणि मग तिथं पुष्कळ दिवस राहतात. आम्ही साक्षीला प्रत्येकी तीन मिनिटं देतो, कारण पुढं जेवण असतं.

मोठ्या माणसांच्या गोष्टींतही हा मधला काळ दिसतो, फक्त सांगताना आपण तो गाळतो. कवी नारायण वामन टिळकांचं बघा. नागपुरात असलेले टिळक राजनांदगावला निघाले, आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला, बोलणं झालं, त्यानं बायबलचा नवा करार हातात दिला. आम्ही चर्चमध्ये ही गोष्ट इथंच संपवतो. पण गाडीतली भेट 1893 ची आणि बाप्तिस्मा 1895 च्या फेब्रुवारीतला. मधली वर्षं वाचण्यात, पत्रव्यवहारात आणि घालमेलीत गेली. काही तासांच्या प्रवासानं फक्त पुस्तक हातात आलं होतं.

प्रकाश आमटेंचंही तसंच. 1970 च्या सुमारास बाबा पोरांना भामरागडला सहलीला घेऊन गेले, तिथले माडिया आदिवासी पोरांनी पाहिले, आणि पुढं बाबांनी तिथं काम करायचं बोलून दाखवलं तेव्हा नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकणारे प्रकाश म्हणाले, मी येतो. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तो 1973 च्या डिसेंबरात. मध्ये डॉक्टरकी पुरी व्हायची होती, मंदाताईंशी लग्न व्हायचं होतं. आणि मुळात हा पोरगा आनंदवनात वाढलेला. म्हणजे संत्रं आधीपासून गोडच. सहलीनं त्याला जागा दाखवली.

अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या "सर्च" संस्थेत 2006 पासून तरुणांसाठी "निर्माण" चालतं. त्याची मूळ रचना मला म्हणूनच शहाणपणाची वाटते: आठवडा-दहा दिवसांची तीन शिबिरं आणि दोन शिबिरांच्या मध्ये साधारण सहा महिने. त्या सहा महिन्यांत पोरानं आपल्या गावी, आपल्या कॉलेजात काहीतरी करून बघायचं, फसायचं, आणि ते घेऊन परत यायचं. आम्ही पंधरा वर्षं फक्त शिबिरं मोजत होतो, मधले महिने आमच्या हिशेबातच नव्हते.

तर पालकांनो, पोराला पाठवायच्या आधी नेणाऱ्याला दोन-तीन गोष्टी विचारा. गावानं बोलावलंय की तुम्ही ठरवलंय? तिथली भाषा बोलणारं सोबत कोण आहे? लहान मुलांना कडेवर घेऊन फोटो काढू देता का? (देत असतील तर पाठवू नका. तुमच्या लेकराचे फोटो अनोळखी माणसानं असे काढून टाकलेले चालतील का?) आणि सगळ्यात महत्त्वाचं, जूनमध्ये काय? या शेवटच्या प्रश्नाला नेणारा "जूनमध्ये म्हणजे?" असं म्हणाला, तर पैसे वाचवा आणि पोराला आजोळी पाठवा. तिथंही पंखा नसेल तर उत्तमच.

पुडेवाल्या पोराचं काय झालं ते सांगायचं राहिलं. जूनमध्ये त्याला मी काहीही मोठं काम दिलं नाही. दर मंगळवारी संध्याकाळी सदरला गोंडी येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींच्या घरी त्याला बसवलं, सोबत अजून दोघं. त्यातला एक गणपतीनंतर गळाला. हा जात राहिला, कधी कंटाळून, कधी परीक्षा बुडवून, त्यावरून त्याच्या बाबांचा मला फोनही आला. पुढच्या मे महिन्यात तो आजीच्या ओसरीवर बसला तेव्हा बोलणं तुटकंमुटकं का होईना, नातीशिवाय चाललं होतं. पत्त्याच्या भावाबद्दल त्यानं विचारलं आणि तिनं तासभर सांगितलं. पुडे तिनं त्या दिवशीही तीन परत टाकले.

यंदाच्या अर्जावर आम्ही एक ओळ वाढवली आहे: "परत आल्यावर सहा महिने, आठवड्यातला कोणता वार देणार?" 24 अर्ज वाटले होते. वार लिहून परत आले 11. तेवढ्यांसाठी मोठी बस परवडत नाही, म्हणून टेम्पो ट्रॅव्हलर सांगितला आहे. आणि गावाला विचारलं तेव्हा ते म्हणाले, मे महिन्यात नका येऊ, दिवाळीनंतर धान कापायला या.